बाबांचं बावन्न पौंडी धनुष्य

आमच्या मंडळाबद्दल चांगलं बोलायचं तर ते आत्ताच बोलून टाकते: ही माणसं वेळ पाळतात. बाकीचं ऐकून तुम्हीच काय ते ठरवा.

वीस-बावीस जण आहेत. एक औषधांच्या दुकानाचे मालक, ते मंडळाचे चिटणीस. एक शिंपी, दोन शाळामास्तर, एक चष्मे विकणारा, बाकी निवृत्त. पोटं सुटलेली, गुडघे कुरकुरणारे. वर्षातून एका रविवारी ही सगळी हाताने शिवलेले चामड्याचे अंगरखे चढवतात, पाठीला भाते अडकवतात आणि गावाबाहेरच्या माळावर सशाची शिकार करायला जातात. धनुष्य लाकडाचंच हवं. दोरी हाताने वळलेली. बाणाची पिसं डिंकाने नाही, दोऱ्याने बांधलेली. कोणी नवखा चाकंबिकं लावलेलं धनुष्य घेऊन आला तर त्याच्याकडे असं बघतात, की जणू त्याने देवळात चपला घालून पाऊल टाकलंय. परंपरा, परंपरा म्हणून कान किटवतात. आणि हा सगळा थाटमाट कशासाठी, तर दीड किलोच्या सशासाठी.

त्यांची धनुष्यं मी बनवते, म्हणून मला नाक मुरडायचा हक्क कमीच. आधी बाबा बनवायचे. त्यांच्याच हाताखाली मी लाकूड ओळखायला शिकले, आणि ते थकल्यावर कारखाना माझ्याकडे आला. कारखाना म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक ओटा, एक शिकंजा, भिंतीवर खुंट्या आणि जमिनीवर कायम तासलेल्या लाकडाचा भुसा.

बाबांना मंडळात कोणी नावाने हाक मारत नाही. एकबाणी म्हणतात. दुसऱ्या बाणाची त्यांना कधी गरजच लागली नाही. आणि त्यांनीच मंडळाला एक नियम घालून दिला होता. ज्याच्या हातून जनावर जखमी होऊन तडफडलं, त्याने आपलं धनुष्य मंडळाच्या भिंतीवर टांगायचं आणि पुन्हा हातात घ्यायचं नाही. बारा वर्षांपूर्वी हा नियम एकदाच लागू झाला, आणि तो पोस्टमास्तरकाकांना. काका बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. त्यांच्या बाणाने जखमी झालेला ससा झुडपात शिरला आणि सापडेपर्यंत पाव तास रडत होता. संध्याकाळी बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "जनावराला तडफडवणाऱ्या हातात धनुष्य शोभत नाही." काकांनी एका शब्दाने वाद घातला नाही. धनुष्य खिळ्याला लावलं, टोपी घातली आणि घरी गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मला तेव्हा बाबांचा केवढा अभिमान वाटला होता! मित्र असला म्हणून काय झालं, न्याय तो न्याय, असं मी चार ठिकाणी सांगतही फिरले.

आता माझी करणी सांगते.

पाच वर्षांपूर्वी शिकारीच्या आठवडाभर आधी बाबा कारखान्यात धनुष्य ओढून बघत होते. त्यांचं धनुष्य बावन्न पौंडांच्या ओढीचं, म्हणजे दोरी कानापर्यंत ओढायला तेवढा जोर लागायचा. मुठीच्या वर आतल्या बाजूला त्यांनीच शाईने '५२' लिहिलेलं. त्यांनी ओढलं, आणि दोरी छातीपर्यंत येऊन अडली. खांदा थरथरायला लागला. त्यांनी हळूच सोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोरी दमट झालीय." दोरी खडखडीत होती. पण त्यांचे डोळे भरले होते ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले असताना मी ते धनुष्य शिकंज्यात आवळलं आणि आतल्या बाजूने तासलं. धनुष्याच्या दोन्ही भुजांवरून पात्याचे सारखे हात, नाहीतर धनुष्य वाकडं होतं. केसासारखी बारीक सालपटं निघाली. आकड्याभोवती अंगठ्याएवढी जागा तशीच ठेवली. ताजं लाकूड पांढरं दिसतं, म्हणून वरून जवसाचं तेल चोळलं. बावन्नाचे त्रेचाळीस झाले, आकडा बावन्नच राहिला. त्या आठवड्यात बाबांनी दोरी कानापर्यंत ओढली आणि खूश होऊन म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? दोरीचंच होतं ते." मी आत स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले. त्या रडण्याचीही मला आता शिसारी येते.

मग दर वर्षी तेच. दर वर्षी बाबांचा खांदा थोडा खाली, दर वर्षी माझे आठ-दहा हात. यंदा वजनकाट्याला अडकवून पाहिलं तर अठ्ठावीस भरलं. आणि दर वर्षी बाबा ससा घेऊन आले, एका बाणात, बाण आरपार. मी म्हटलं, नेम चांगला असला की झालं. आपल्याला सोयीचं ते आपल्याला पटतंच.

मंडळाची एक रीत आहे. बाण मारणाऱ्याने जागा सोडायची नाही. सगळे ओळीत उभे राहतात, आणि ज्याचा बाण लागला त्याच्या घरचं एक माणूस जाऊन ससा उचलून आणतं. आमच्याकडून धाकटा जायचा. धाकटा म्हणजे माझा भाऊ, पावाच्या बेकरीची गाडी चालवतो. यंदा शुक्रवारी पावाचे क्रेट उतरवताना त्याचं मनगट मोडलं. शनिवारी प्लास्टर मिरवत तो कारखान्यात आला.

"ताई, उद्या आणायला तुला जावं लागणार."

"जाईन की. त्यात काय एवढं?"

त्याने मागे वळून दार लोटून घेतलं. "जाड हातमोजे घाल. चावतो."

"मेलेला ससा चावतो?"

"मेलेला नसतो ग."

मी हातातलं पातं खाली ठेवलं. तो पाव कसा काढायचा ते सांगावं तसं सांगत होता. "बाण दोन बोटं शिरलेला असतो, फार तर तीन. झुडपामागे गेलीस की आधी मान मोड. मग बाण ढकलून पलीकडून बाहेर काढ. आरपार दिसला पाहिजे. नाहीतर लोकांना कळेल ना!"

"किती वर्षं चाललंय हे?"

"पहिल्या वर्षी बाणानेच मेला होता बिचारा. त्यानंतर एकही नाही. मला वाटलं बाबांची नजर गेलीय." मग माझं तोंड बघून तो म्हणाला, "तुला काय झालं?"

मला काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही. मी ठरवलं, उद्या सकाळी बाबांना थांबवायचं. सकाळ झाली, बाबा अंगरखा घालून आरशासमोर उभे होते, पंच्याहत्तराव्या वर्षी नवरदेवासारखे. आज दुपारी मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं. चार वाजता, सभागृहात, मंडळाचे आजीव अध्यक्ष म्हणून. मी त्यांचा भाता आणून दिला. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. असे 'आजचे दिवस' जाऊ देण्यातच आमची पाच वर्षं गेली.

माळावर आठला सगळे ओळीत उभे राहिले. चार जण काठ्यांनी झुडपं झोडपत पुढे गेले. पहिला बाण एकबाणींचा, हे ठरलेलंच. बाबांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात टाकलं. "परंपरेत बॅटरी नव्हती," ते म्हणाले, आणि दर वर्षीसारखे सगळे हसले.

ससा झुडपाच्या कडेला आला, थांबला, कान उभे केले. पंचवीस पावलांवर. बाबांनी धनुष्य उचललं. खोटं कशाला बोलू, त्यांची उभं राहण्याची ढब अजूनही देखणी आहे. बाण सुटला. तो इतका सावकाश गेला की मला त्याची पिसं दिसली. ससा उंच उडाला आणि ओरडला.

ससा ओरडताना तुम्ही ऐकला नसेल तर ऐकू नका. तान्ह्या मुलाला चिमटा काढावा तसा आवाज. तो सगळ्या ओळीने ऐकला. ऐकल्याबरोबर औषधवाले मोठ्याने म्हणाले, "वा! आरपार!" आणि टाळ्या सुरू झाल्या. इतक्या घाईने आणि इतक्या जोरात, की त्यापुढे दुसरं काही ऐकू येऊ नये. मी माझे हातमोजे चढवत निघाले.

झुडपामागे तो कुशीवर पडला होता. बाण मांडीच्या वर रुतलेला. बाणाचं दुसरं टोक गवतात अडकलं होतं आणि ससा मागच्या पायांनी स्वतःला ढकलत त्याच्याभोवती गोल फिरत होता. त्याने मुतून ठेवलं होतं. एक डोळा माझ्याकडे. मी गुडघा टेकला, मानेला धरलं आणि पिळली. पहिल्यांदा मोडली नाही. तो हातमोज्याला चावला, त्याचे दात मला बोटावर कळले. दुसऱ्यांदा मोडली. मग मी बाण धरला. आत कुठेतरी हाडाला अडला, मी वळवून ढकलला, आणि पलीकडची कातडी कापडाखाली बोट ढकलावं तशी वर आली, ताणली आणि फुटली. माझ्या घशाशी आंबट आलं. ते मी गिळलं, कारण ओकारीचा आवाज ओळीपर्यंत गेला असता. त्या अवस्थेतही मला बाबांचं नाव सांभाळायचं होतं, हे बघा.

मान वर केली तर कुंपणापलीकडे पोस्टमास्तरकाका उभे होते. दहा पावलांवर, काठी टेकून. ते दर वर्षी तिथे येऊन उभे राहतात हे मला ऐकून ठाऊक होतं. कुंपणापलीकडे उभं राहायला नियम आड येत नाही. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होते.

"पिसांना रक्त लागलंय तुझ्या हातमोज्याचं," ते हळू आवाजात म्हणाले. "बाणाने मेला तर तिथे लागत नसतं. पुसून घे."

आणि पाठ वळवून चालू लागले.

बारा वर्षं ज्या माणसाने ह्यांना वाळीत टाकलं, त्या माणसाची लाज हे सांभाळत होते. मी पिसं पुसली, ससा कानाला धरून उचलला आणि ओळीसमोर नेला. बाणाचं टोक पलीकडून चांगलं वीतभर बाहेर आलेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिंपी म्हणाला, "ह्याला म्हणतात हात!" बाबांनी सशाच्या कपाळाला बोटं लावली आणि डोळे मिटले. सशाचा मान राखायचा असतो ना, परंपरेत.

घरी आल्यावर बाबा कारखान्यातल्या स्टुलावर बसून बूट काढत होते. धनुष्य ओट्यावर. मी तीनदा हात धुतले होते तरी वास जात नव्हता. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी एका दमात म्हणाले, "बाबा, ह्या धनुष्याची ओढ बावन्न नाहीये."

"अठ्ठावीस," बाबा म्हणाले. बुटाची नाडी सोडता सोडता.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"गेल्या वर्षी बत्तीस होती. यंदा तू दोन हात जास्त मारलेस, वरची भुजा जरा नरम झालीय." ते मान वर करून हसले. "पन्नास वर्षं हेच केलंय ग मी. स्वतःचं धनुष्य हातात घेतल्यावर मला कळणार नाही?"

"पहिल्या वर्षापासून माहीत होतं?"

"तू बाहेर गेलीस की काट्याला लावून बघायचो."

"आणि ससा? धाकटा तिथे काय करतो ते माहीत आहे तुम्हाला?"

बाबांनी दुसरा बूट ओढला. खिशातलं यंत्र त्यांनी अजून कानात घातलं नव्हतं, पण इतक्या जवळून माझं सगळं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं; यंत्र लागायचं ते लांबच्या आवाजाला. ते यंत्र माळावर का काढतात ते मला तेव्हा कळलं. परंपरा कसली डोंबलाची! किंचाळी ऐकायला लागू नये म्हणून.

"ससा शेवटी मरतोच की," ते म्हणाले. "कोणाच्या हाताने मेला, त्याला काय फरक पडतो? अग, मी खोलीत शिरलो की अजून चार माणसं उठून उभी राहतात. तू म्हातारी झालीस की कळेल तुला." मग धनुष्य माझ्याकडे सरकवून लाडाने म्हणाले, "पुढच्या वर्षासाठी अजून थोडं काढ. आज जड गेलं."

त्या लाडाने माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पाच वर्षं मी एका म्हाताऱ्याचं मन जपत होते, आणि तो म्हातारा शेजारी बसून माझं जपणं काट्यावर मोजत होता.

"आणि पोस्टमास्तरकाका?" मी विचारलं. "त्यांनी काय घोडं मारलं होतं?"

बाबांनी खांदे उडवले. "त्याच्या घरी तासून द्यायला कोणी नव्हतं."

मी तिथून उठले. चार वाजायला पंधरा मिनिटं कमी असताना मी पोस्टमास्तरकाकांच्या दारात होते. म्हटलं, "काका, चला माझ्याबरोबर, मंडळात." ते नाही नाही म्हणत होते. मी त्यांचं कोपर धरलं ते सोडलंच नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्यासमोरच मला बोलायचं होतं. एवढी एक गोष्ट तरी सरळ व्हावी, एवढंच माझ्या मनात होतं.

सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. बाबा मधल्या खुर्चीत, खांद्यावर शाल. धाकटा प्लास्टर सांभाळत चहाचे कप वाटत होता. काका दाराशीच थांबले. दोघा-तिघांनी त्यांना पाहिलं आणि पटकन चहात बघायला लागले. औषधवाल्यांनी अर्धा तास भाषण ठोकलं. एक बाण, एक मृत्यू, जनावराला वेदना नाही, वगैरे वगैरे. मग म्हणाले, "एकबाणींच्या कन्येने दोन शब्द बोलावेत."

मी उभी राहिले आणि दोनाऐवजी पन्नास बोलले. पाच वर्षं धनुष्य तासलं ते सांगितलं. आकडा का राखला ते सांगितलं. सकाळचा ससा जिवंत होता, त्याची मान मी मोडली, बाण मी ढकलला. त्याआधीचे ससे धाकट्याने. बाबांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. "तुमच्या नियमाने ज्यांचं धनुष्य तिथे टांगलंय, ते काका दाराशी उभे आहेत. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी फसवलं नाही," असं म्हणून मी थांबले.

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, आरडाओरडा करेल, मला नाही तर त्यांना हाकलेल. जे होईल ते होवो, निदान घाण बाहेर पडली.

औषधवाले उठले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मुलगी असावी तर अशी!" ते म्हणाले. "बापाच्या हातातलं धनुष्य खाली पडू नये म्हणून पाच वर्षं! आणि ह्या भावाने तोंडातून चकार शब्द काढला नाही! अहो, ह्याला म्हणतात परंपरा."

आणि टाळ्या. तशाच, सकाळसारख्या, घाईघाईच्या आणि मोठ्या. शाळामास्तर उभे राहिले, मग सगळेच उभे राहिले. बाबांनी मान वर केली. त्यांच्या गालांवरून खरोखरची आसवं वाहत होती, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. मी दाराकडे पाहिलं. पोस्टमास्तरकाका डोक्यावर टोपी नीट बसवत होते. मी हाक मारली, ती टाळ्यांत बुडाली. ते गेले.

मीही निघाले, तर शिंप्याने मला व्हरांड्यात गाठलं. इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, जमलं तर माझंही जरा बघाल का? गेल्या हिवाळ्यापासून कोपर धरतंय." त्याच्या मागे चष्मेवाला उभा होता, त्याचंही तेच. दोघांनी कोणाला सांगू नका म्हणून बजावलं, आणि दोघेही एकमेकांसमोरच उभे होते.

मग औषधवाले आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. तळवे मऊ आणि ओले होते.

"माझं चाळीसचं आहे," ते कानाशी लागून म्हणाले. "तीसपर्यंत आणा. आकडा मात्र राहू द्या हं, तुमच्या बाबांसारखा."

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "आणि ससा? तुमच्या घरी तर कोणी नाही. झुडपामागे जाणार कोण?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. तिथे धाकटा एका हाताने रिकामे कप गोळा करत होता, आणि शाळामास्तर त्याची पाठ थोपटत होते.

"तुमचा भाऊ आहे की," औषधवाले म्हणाले. "हात बरा होऊ दे त्याचा."